परदेशातील छायाचित्र मेळे आणि प्रदर्शने: खानदेशातून जाणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील स्टुडिओचालक, हौशी छायाचित्रकार आणि कलाशाखेचे विद्यार्थी यांच्याकडून नेहमी येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. व्हिसाचे शुल्क, मेळ्यांच्या तारखा आणि विमानांची वेळापत्रके बदलत असतात, म्हणून पैसे भरण्यापूर्वी त्या त्या दूतावासाच्या किंवा आयोजकांच्या अधिकृत संकेतस्थळावर खात्री करून घ्यावी.

परदेशातील छायाचित्र मेळे कोणकोणत्या प्रकारचे असतात? आम्ही कुठे जावे?

ढोबळमानाने तीन प्रकार आहेत आणि ते ओळखले नाहीत तर लाखभर रुपये खर्चूनही हाती काही लागत नाही. पहिला प्रकार कॅमेरे, लेन्स, दिवे आणि छपाईयंत्रे दाखवणाऱ्या सामग्रीच्या मेळ्यांचा. जर्मनीतील कोलोन येथे १९५० मध्ये सुरू झालेला फोटोकिना हा या प्रकारातील सर्वांत नावाजलेला मेळा होता. तो शेवटचा २०१८ मध्ये भरला आणि २०२० मध्ये आयोजकांनी तो थांबवत असल्याचे जाहीर केले. जपानमध्ये योकोहामा येथे भरणारा सीपी प्लस हा मेळा आजही सुरू आहे. दुसरा प्रकार विक्रीच्या मेळ्यांचा. येथे जगभरातील कलादालने आपापल्या छायाचित्रकारांच्या प्रिंट मांडतात आणि संग्राहक त्या विकत घेतात. १९९७ पासून भरणारा पॅरिस फोटो आणि २०१५ पासून भरणारा फोटो लंडन ही याची ठळक उदाहरणे आहेत. तिसरा प्रकार महोत्सवांचा, ज्यात विक्रीपेक्षा पाहणे, ऐकणे आणि भेटणे यांना महत्त्व असते. दक्षिण फ्रान्समधील आर्ल (१९७० पासून), वृत्तछायाचित्रणाला वाहिलेला पर्पिन्याँचा 'व्हिसा पूर लिमाज' (१९८९ पासून), जपानमधील क्योतोग्राफी (२०१३ पासून), ढाक्याचा छोबी मेला (२००० पासून) आणि फोटो काठमांडू (२०१५ पासून) हे या प्रकारात येतात.

माझे स्पष्ट मत असे आहे की केवळ नवा कॅमेरा पाहण्यासाठी परदेशी जाऊ नये. तोच कॅमेरा काही आठवड्यांत मुंबईच्या दुकानात हाताळायला मिळतो. प्रिंट पाहण्यासाठी मात्र जावे, कारण चांगली प्रिंट दुकानात येत नाही. बातमीचे काम करणाऱ्याने पर्पिन्याँ निवडावे, स्वतःचा दीर्घ विषय हाताळणाऱ्याने आर्ल निवडावे, आणि छायाचित्रांचा बाजार कसा चालतो हे ज्याला समजून घ्यायचे आहे त्याने पॅरिस गाठावे.

सगळी छायाचित्रे मोबाइलवर दिसतात, मग इतका खर्च करून जायचे कशासाठी?

पडद्यावर प्रत्येक छायाचित्र एकाच आकाराचे आणि एकाच चकाकीचे होते. प्रदर्शनात एक प्रिंट तळहाताएवढी असते, तिच्यासाठी भिंतीला नाक लागेल इतके जवळ जावे लागते; शेजारची भिंतभर असते आणि तिच्यासाठी दहा पावले मागे सरावे लागते. सिल्व्हर जिलेटिनच्या, म्हणजे चांदीच्या क्षारांचा थर दिलेल्या कागदावरच्या, जुन्या प्रिंटमध्ये काळ्या रंगाच्या आतही तपशील असतो, आणि प्लॅटिनम प्रिंटमध्ये तोच काळा कागदाच्या तंतूंत मुरल्यासारखा मऊ दिसतो. प्रिंटच्या खालच्या कडेला किंवा पाठीमागे पेन्सिलीने ३/७ असे काही लिहिलेले असते. त्याचा अर्थ त्या छायाचित्राच्या एकूण सात प्रती काढल्या आहेत आणि समोरची तिसरी आहे. आपल्याकडे लग्नाच्या अल्बमचा दर पानांवर ठरतो, तर तेथे एका प्रिंटची किंमत कागदावर, प्रतींच्या संख्येवर आणि छायाचित्रकाराच्या हयातभराच्या कामावर कशी ठरते, हे अशा भिंतीसमोर उभे राहिल्यावर नीट उमगते.

खानदेशाला हा विषय परका नाही. मेजर रॉबर्ट गिल यांना ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ मध्ये अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करण्याच्या कामावर नेमले. त्यांची बरीच तैलचित्रे १८६६ च्या लंडनमधील क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली, पण त्याआधीच त्यांनी कॅमेराही हाती घेऊन लेण्यांची छायाचित्रे काढली होती आणि ती लंडनला पोहोचली. गिल यांचे निधन १८७९ मध्ये झाले आणि त्यांची कबर भुसावळला आहे. दुसरे नाव चाळीसगावच्या केकी मूस (१९१२–१९८९) यांचे. टेबलावर मांडलेल्या साध्या वस्तूंतून अख्खे निसर्गदृश्य उभे करण्याच्या त्यांच्या टेबलटॉप छायाचित्रणाला आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाले, आणि तेही आयुष्याचा मोठा काळ ते घराबाहेर पडले नसताना. त्यांचे चाळीसगावचे घर आज संग्रहालय आहे. परदेशाचे तिकीट काढण्याआधी प्रत्येकाने ते शांतपणे पाहावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. मूळ प्रिंट कशी पाहायची याचा सराव तेथेच होतो, आणि पॅरिसमध्ये कोणी आपल्या मुलखाविषयी विचारले तर सांगण्यासारखे काही आपल्यापाशी असते.

भारतीय छायाचित्रकारांचे काम तेथे दिसते का?

दिसते, आणि सन्मानाने दिसते. सोहराब हुरा यांच्या पुस्तकाला २०१९ मध्ये पॅरिस फोटो आणि अपर्चर ही अमेरिकेतील छायाचित्रण संस्था यांच्या पुरस्कारांत त्या वर्षीचे सर्वोत्तम छायाचित्र-पुस्तक म्हणून गौरवण्यात आले. दयानिता सिंग यांना २०२२ चा हॅसलब्लाड पुरस्कार मिळाला आणि गौरी गिल यांना २०२३ मध्ये प्री पिक्तेत हा छायाचित्रणाचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार. अमेरिकेत ह्यूस्टन येथे भरणाऱ्या फोटोफेस्टचा २०१८ चा संपूर्ण विषयच भारत हा होता.

लग्नसराई सांभाळून कोणत्या महिन्यात जाता येईल?

स्टुडिओ चालवणाऱ्यांसाठी हा प्रश्न व्हिसापेक्षाही अवघड असतो, आणि सुदैवाने आपले पंचांग येथे मदतीला येते. आषाढी एकादशीला चातुर्मास लागतो आणि कार्तिकीपर्यंत लग्ने थांबतात. आर्लचा महोत्सव जुलैच्या पहिल्या आठवड्यात उघडतो आणि त्याची प्रदर्शने सप्टेंबरअखेरीस किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत खुली असतात. पर्पिन्याँचा महोत्सव ऑगस्टच्या शेवटी सुरू होऊन सप्टेंबरच्या मध्यापर्यंत चालतो. म्हणजे फ्रान्समधील हे दोन्ही महत्त्वाचे महोत्सव नेमके आपल्या रिकाम्या दिवसांत येतात. आषाढीपूर्वी अधिक मास आलेल्या वर्षी आषाढी जुलैच्या अखेरीकडे सरकते, तेव्हा जुलैच्या सुरुवातीच्या तारखा घेण्याआधी मुहूर्त पाहून घ्यावेत.

पहिल्यांदा जाणाऱ्याला मी सप्टेंबरचा पहिला पंधरवडा सुचवीन. त्या काळात पर्पिन्याँ आणि आर्ल दोन्ही खुले असतात. दोन्ही शहरे रेल्वेने जोडलेली आहेत आणि नार्बोन, माँपेलिये, नीम या मार्गाने एकाच दिवसात एका गावाहून दुसऱ्या गावी जाता येते. जुलैतील उकाडा आणि गर्दी ओसरलेली असते, शिवाय श्रावणातील कानबाईचा उत्सव घरी पार पडलेला असतो, आणि ज्यांच्या घरी कानबाई बसते त्यांच्यासाठी ही गोष्ट लहान नाही. गणेशोत्सवाची तारीख मात्र त्या वर्षीच्या पंचांगात पाहावी. जुलैच्या पहिल्या आठवड्याचे आकर्षण वेगळे आहे: आर्लच्या प्राचीन रोमन नाट्यगृहात रात्री उघड्यावर छायाचित्रे पडद्यावर दाखवली जातात आणि जगभरातील संपादक, प्रकाशक, कलादालनांचे चालक गावात असतात. ज्यांना कोणाला भेटायचे आहे त्यांनी जुलैतच जावे. ज्यांना निवांत पाहायचे आहे त्यांनी सप्टेंबरमध्ये.

पॅरिस फोटो नोव्हेंबरच्या मध्यास येतो. तुळशीचे लग्न त्याच सुमारास असते आणि त्यानंतर मुहूर्त सुरू होतात, त्यामुळे लग्नाचे काम करणाऱ्यांना तो अडचणीचा ठरतो. फोटो लंडन मे महिन्यात आणि क्योतोग्राफी एप्रिल-मे महिन्यांत असल्याने त्यांचीही तीच गत आहे.

पासपोर्ट कुठे काढावा?

अर्ज ऑनलाइन भरून जवळच्या पोस्टातील पासपोर्ट सेवा केंद्राची किंवा नाशिकच्या केंद्राची वेळ घ्यावी. छत्तीस पानी पासपोर्टचे साधे शुल्क १,५०० रुपये आणि साठ पानीचे २,००० रुपये आहे. आधार, शाळा सोडल्याचा दाखला आणि पॅनकार्ड यांवरील नावाचे स्पेलिंग एकसारखे नसेल तर आधी ते दुरुस्त करून घ्यावे.

फ्रान्ससाठी व्हिसा कसा मिळतो?

फ्रान्स, जर्मनी, नेदरलँड्स, इटली असे बहुतेक युरोपीय देश शेंगेन गटात आहेत आणि त्यांच्यासाठी एकच अल्पमुदतीचा व्हिसा लागतो, ज्यावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. ब्रिटन या गटात नाही. फोटो लंडनसाठी स्वतंत्र व्हिसा काढावा लागतो. ज्या देशात सर्वाधिक दिवस राहणार, त्या देशाकडे अर्ज करायचा, आणि दिवस समान असतील तर जेथे प्रथम उतरणार त्या देशाकडे. खानदेशात अर्ज केंद्र नाही. बोटांचे ठसे देण्यासाठी मुंबई किंवा पुणे गाठावे लागते. एकदा दिलेले ठसे साधारण पाच वर्षे वापरता येतात.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. निर्णयाला सामान्यतः १५ दिवस लागतात, पण अधिक चौकशी असेल तर ४५ दिवसांपर्यंत वेळ जाऊ शकतो. उन्हाळ्यात सहलींची गर्दी असल्याने केंद्राच्या वेळा लवकर भरतात, म्हणून जुलैत जाणाऱ्याने फेब्रुवारी-मार्चमध्येच हालचाल सुरू करावी. प्रौढांसाठी शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे. केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. व्हिसा नाकारला तरी शुल्क परत मिळत नाही. किमान ३०,००० युरोंचे संरक्षण देणारा वैद्यकीय प्रवास विमा आवश्यक आहे. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन कोरी पाने असलेला हवा.

कागदपत्रांपेक्षाही ज्याकडे दुर्लक्ष होते ती गोष्ट म्हणजे सोबतचे पत्र. त्यात आपण कोण, छायाचित्रणाशी आपला संबंध काय, कोणता महोत्सव कोणत्या तारखांना पाहणार, कोणत्या रात्री कोठे राहणार, खर्च कोण करणार आणि परत येऊन कोणते काम वाट पाहत आहे, हे एका पानात सरळ लिहावे. महोत्सवाच्या पासची पावती, मुक्कामाचे आरक्षण आणि पत्रातील तारखा एकमेकींशी तंतोतंत जुळल्या पाहिजेत. डिसेंबरमधील लग्नांच्या आगाऊ नोंदींची पत्रे स्टुडिओचालकाने जोडली, तर परत येण्याचे कारण अधिकाऱ्यास आपोआप दिसते.

माझे उत्पन्न शेतीचे आहे आणि स्टुडिओ जोडधंदा आहे. आर्थिक पुरावा काय द्यावा?

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यातून आणि शिरपूर-शहादा भागातून हा प्रश्न नेहमी येतो. शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्याने अनेकांनी विवरणपत्र कधी भरलेलेच नसते, आणि मग अर्जाच्या वेळी दाखवायला काही उरत नाही. जाण्याचा विचार दोन वर्षांनी असला तरी विवरणपत्र आजपासून भरावे आणि त्यात शेतीचे उत्पन्न नमूद करावे. सोबत सातबारा उतारा, माल विकल्याच्या पट्ट्या, बँकेत जमा झालेल्या रकमांचा हिशेब आणि स्टुडिओचे उद्यम नोंदणीपत्र किंवा दुकान परवाना जोडावा. मराठी कागदांचे इंग्रजी भाषांतर करून घ्यावे.

अर्जाच्या आठवडाभर आधी मेहुण्याकडून किंवा मित्राकडून तीन-चार लाख रुपये खात्यात फिरवून घेण्याची पद्धत सर्रास दिसते. ती कृपया टाळावी. अधिकारी शिल्लक किती आहे याच्या जोडीला ती कशी साठत गेली हेही पाहतात, आणि अचानक आलेल्या रकमेचा खुलासा नसेल तर तेच नकाराचे कारण होते. मुलगा किंवा भाऊ खर्च करणार असेल तर त्याचे तसे पत्र आणि त्याची कागदपत्रे उघडपणे जोडावीत.

व्हिसासाठी मेळ्याचे निमंत्रणपत्र लागते का?

केवळ पाहायला जाणाऱ्याला लागत नाही. त्याने पर्यटक म्हणूनच अर्ज करावा आणि तिकिटाची पावती जोडावी. ज्याचे काम तेथे प्रदर्शित होणार आहे किंवा जो व्यावसायिक भेटींसाठी जातो, त्याने आयोजकांचे पत्र घेऊन त्यानुसार व्हिसाचा प्रकार निवडावा. पर्यटक व्हिसावर जाऊन तेथील एखाद्या लग्नाचे किंवा जाहिरातीचे मोबदल्याचे काम करणे हा नियमभंग आहे. 'निमंत्रण आणि व्हिसा दोन्हींची हमी' देणाऱ्या मध्यस्थापासून दूर राहावे, कारण व्हिसाची हमी कोणीही देऊ शकत नाही.

कमी खर्चात, व्हिसाचा त्रास न होता पहिला अनुभव घेता येईल का?

येईल. नेपाळला जाण्यासाठी भारतीय नागरिकाला व्हिसा लागत नाही, आणि विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालते. फोटो काठमांडू दरवर्षी भरत नाही, तेव्हा वर्ष पाहून बेत आखावा. त्यांची प्रदर्शने पाटणच्या गल्ल्या-चौकांतून मांडलेली असतात, आणि आपल्या गावातही असे काही करता येईल असा विश्वास ती देतात.

दुसरा पर्याय शारजाचा, मात्र तेथे व्हिसा लागतो. तेथे २०१६ पासून 'एक्सपोजर' हा आंतरराष्ट्रीय छायाचित्र महोत्सव भरतो. नंदुरबार, नवापूर, शहादा या भागातील लोकांसाठी मुंबईपेक्षा सुरत जवळ आहे आणि सुरतहून शारजाला थेट विमानसेवा सुरू झालेली आहे, त्यामुळे रात्रीची गाडी, मुंबईचा मुक्काम आणि टॅक्सीचा खर्च हे सारे वाचते. ही सेवा सध्या चालू आहे का आणि कोणत्या वारी, हे तेवढे आधी पाहावे.

फ्रान्सच्या प्रवासात सर्वांत जास्त पैसे कुठे लागतात आणि कुठे वाचतात?

विमानभाड्यानंतर मोठा खर्च राहण्याचा. आर्ल हे लहान गाव आहे आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात तेथील खोल्या कित्येक महिने आधी भरतात. अशा वेळी आव्हिन्याँ किंवा नीम येथे राहून रोज रेल्वेने ये-जा करणे परवडते. दोन्हीकडून प्रवास अर्ध्या तासाच्या आसपासचा आहे. रात्रीचे कार्यक्रम पाहायचे असतील तर मात्र परतीची शेवटची गाडी आधी पाहून ठेवावी. पर्पिन्याँची प्रदर्शने विनामूल्य असतात, ही फार मोठी सोय आहे. आर्लमध्ये प्रत्येक प्रदर्शनाचे वेगळे तिकीट काढण्याऐवजी सर्व प्रदर्शनांचा पास घ्यावा. ती जुन्या चर्चमध्ये, मठाच्या ओवऱ्यांत, नगरपालिकेखालच्या रोमनकालीन भुयारी दालनांत, इतकेच काय एका सुपरमार्केटच्या वरच्या मजल्यावरही भरलेली असतात, आणि हे सारे पायी फिरता येते. म्हणून जोडे चांगले न्यावेत.

रोख विदेशी चलन एका प्रवासात ३,००० डॉलरच्या मूल्यापर्यंतच नेता येते. फ्रान्समध्ये चहाच्या कपालाही कार्ड चालते, त्यामुळे फॉरेक्स कार्ड आणि थोडे सुटे युरो पुरतात. एखाद्या कंपनीकडून परदेशी सहलीचे पॅकेज घेतल्यास त्यावर टीसीएस, म्हणजे पैसे घेतानाच वसूल होणारा आयकर, कापला जातो. ती रक्कम विवरणपत्रात वळती करून घेता येते, म्हणून प्रमाणपत्र जपून ठेवावे.

जळगाव-धुळ्याहून मुंबई विमानतळाचे नियोजन कसे करावे?

पावसाळ्यात उड्डाणाच्या आदल्या दिवशीच मुंबईत पोहोचावे. कसारा घाटात दरड कोसळली किंवा मुंबईत रुळांवर पाणी भरले, तर भुसावळ-जळगाव-चाळीसगाव मार्गावरील गाड्या तासन्तास खोळंबतात आणि चुकलेल्या विमानाचे पैसे सहसा कोणी परत देत नाही. धुळ्याहून येणाऱ्यांना नाशिकमार्गे महामार्ग सोयीचा आहे, पण त्या जुन्या महामार्गावरही कसारा घाट लागतो. रेल्वेने येणाऱ्यांनी शेवटच्या स्थानकापर्यंत जाण्यापेक्षा ठाणे किंवा दादरला उतरावे. जळगावच्या विमानतळावरून मुंबईची सेवा त्या दिवशी असेल तर उत्तमच, परंतु आंतरराष्ट्रीय विमान पकडण्यासाठी त्याच दिवसाच्या छोट्या विमानावर विसंबू नये.

कॅमेरा आणि लेन्स नेताना कस्टम्सची अडचण येते का?

जाताना सहसा येत नाही; येते ती परत येताना, कारण महागडी लेन्स बाहेरून विकत आणली की इथूनच नेली होती हे सिद्ध करण्याची वेळ येते. यावर सोपा उपाय आहे. निघताना मुंबई विमानतळावर कस्टम्स अधिकाऱ्यांकडून एक्सपोर्ट सर्टिफिकेट करून घ्यावे. अधिकारी वस्तू पाहून तिचे नाव, मॉडेल आणि अनुक्रमांक नोंदवून शिक्का देतात, आणि परतताना तोच कागद दाखवायचा असतो. घरी असतानाच कॅमेऱ्याच्या तळाशी आणि लेन्सच्या कड्यावर कोरलेले क्रमांक एका कागदावर स्वच्छ उतरवून घ्यावेत, मूळ बिलांच्या प्रती जोडाव्यात, आणि त्या सामानासाठी विमानतळावर नेहमीपेक्षा एक तास जास्त हाताशी ठेवावा. बॅग सोडण्यापूर्वीच हे काम करावे.

प्रदर्शनात मांडण्यासाठी फ्रेम केलेल्या प्रिंट न्यायच्या असतील तर एटीए कार्नेट नावाचा दस्तऐवज उपयोगी पडतो. भारतात तो फिक्की या उद्योग-व्यापार महासंघामार्फत मिळतो, आणि तात्पुरत्या नेलेल्या मालावर त्या देशात आयात शुल्क भरावे लागत नाही. विक्रीसाठी नेलेल्या मालाला ही सवलत लागू नाही.

बॅटऱ्या, चार्जर आणि फिल्म यांचे काय?

सुट्या लिथियम बॅटऱ्या केवळ हातातील बॅगेत न्याव्यात, चेक-इन सामानात कधीही नाही. मर्यादा १०० वॅट-तासांची आहे आणि कॅमेऱ्याची नेहमीची बॅटरी साधारण १५ वॅट-तासांची असते, तेव्हा काळजीचे कारण नाही. मोठ्या व्हिडिओ दिव्यांच्या बॅटऱ्या १०० ते १६० वॅट-तासांच्या असतील तर विमान कंपनीची परवानगी लागते. टोकांवर चिकटपट्टी लावावी. ट्रायपॉड चेक-इन सामानात टाकावा. ड्रोन घरीच ठेवावा. प्रत्येक देशाचे नियम वेगळे आहेत आणि महोत्सव पाहण्यासाठी त्याचा काही उपयोग नाही.

अजूनही रोल वापरणाऱ्यांनी विशेष जपावे. नव्या विमानतळांवरील सीटी स्कॅनर कमी संवेदनशीलतेच्या फिल्मवरही धूसर पट्टे उमटवू शकतात, आणि चेक-इन सामानाची क्ष-किरण तपासणी तर त्याहून तीव्र असते. रोल डब्यांतून काढून पारदर्शक पिशवीत ठेवावेत आणि सुरक्षा तपासणीत हाताने तपासण्याची नम्रपणे विनंती करावी.

पोर्टफोलिओ, म्हणजे आपल्या निवडक छायाचित्रांचा संच, दाखवायचा असेल तर तयारी कशी करावी?

आर्लमध्ये उद्घाटनाच्या आठवड्यात पोर्टफोलिओ परीक्षणाची व्यवस्था असते. शुल्क भरून आधी नोंदणी करावी लागते आणि प्रत्येक परीक्षकासमोर साधारण वीस मिनिटे मिळतात. वीस मिनिटांत शंभर छायाचित्रे दाखवणे म्हणजे एकही न दाखवणे. एकाच विषयावरची पंधरा ते वीस छायाचित्रे निवडावीत, ए-फोर किंवा त्याहून थोड्या मोठ्या मॅट कागदावर छापून साध्या खोक्यात सुटी ठेवावीत, म्हणजे परीक्षक ती हातांनी मागेपुढे करून क्रम बदलू शकतो.

आपल्याकडचे अनेकजण सूर्यास्त, पक्षी, वारकरी, आदिवासी स्त्रीचा चेहरा आणि होळीचे रंग असे एकेक बक्षीसपात्र छायाचित्र निवडून नेतात. एकेका सुट्या छायाचित्राला बक्षीस देणाऱ्या सॅलोन स्पर्धांत ही पद्धत चालते, या टेबलावर चालत नाही. परीक्षक पहिला प्रश्न विचारतो तो हा की हे काम कशाविषयी आहे. सातपुड्यातील एखाद्या गावची भोंगऱ्या बाजारापासून होळीपर्यंतची पाच वर्षे, एका जिनिंग कारखान्याचा हंगाम, किंवा तापीकाठच्या एकाच केळीबागेचे लागवडीपासून ट्रक भरण्यापर्यंतचे चक्र, असे काही ज्याने चिकाटीने टिपले आहे त्याच्याशी बोलणे वीस मिनिटांनंतरही थांबत नाही. कामाविषयी पाच-सहा इंग्रजी वाक्ये लिहून पाठ करून जावीत आणि टीका ऐकताना वहीत उतरवून घ्यावी.

'तुमचे छायाचित्र पॅरिसमधील प्रदर्शनासाठी निवडले आहे, शुल्क भरा' असे ईमेल येतात. विश्वास ठेवावा का?

बहुधा ठेवू नये. ज्या प्रदर्शनात भिंतीची जागा छायाचित्रकारालाच विकत घ्यावी लागते, तेथे निवड झाली असे म्हणण्यात अर्थ नसतो. पॅरिस फोटोसारख्या मेळ्यात छायाचित्रकार स्वतः जागा घेत नाही. निवड समिती कलादालने आणि प्रकाशक यांची निवड करते. स्पर्धेचे माफक प्रवेश शुल्क ही वेगळी गोष्ट आहे आणि ती सर्वमान्य आहे. सॅलोनमध्ये भाग घेणाऱ्यांनी त्या स्पर्धेला फियाप या छायाचित्रण संस्थांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची मान्यता आहे का, हे महासंघाच्या यादीत पाहावे. यजमान संस्था, परीक्षकांची नावे आणि मागील वर्षीच्या प्रदर्शनाची जागा स्वतंत्रपणे पडताळता आली नाही तर एक रुपयाही पाठवू नये.

प्रदर्शनात किंवा रस्त्यावर छायाचित्रे काढता येतात का?

फ्लॅश आणि ट्रायपॉड यांना बहुतेक ठिकाणी मनाई असते. विक्रीच्या मेळ्यात एखाद्या प्रिंटचे जवळून छायाचित्र घेण्याआधी दालनातील व्यक्तीला विचारावे. विचारल्यावर सहसा नकार मिळत नाही, शिवाय त्या कामाची माहितीही मिळते. फ्रान्समध्ये व्यक्तीच्या प्रतिमेवरील तिचा हक्क कायद्याने जपला जातो, म्हणून ओळखू येणाऱ्या व्यक्तीचे, विशेषतः लहान मुलाचे छायाचित्र परवानगीवाचून प्रसिद्ध करू नये.

शाकाहारी माणसाची जेवणाची सोय कशी होते? घरून काय नेता येते?

युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणण्यास मनाई आहे, त्यामुळे पेढे, खवा आणि तूप बॅगेत भरू नये. शेव, चिवडा, खाकरा, भाजलेली डाळ आणि घरचा काळा मसाला नीट बंद करून नेता येतो. ताज्या फळांना एरवी वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. त्यातून वगळलेल्या मोजक्या फळांत केळी आहेत, हे आपल्या भागातील प्रवाशांना आवर्जून सांगतो. फ्रान्समध्ये पाव, फळे आणि चीज कोठेही मिळते, पण उपाहारगृहांची स्वयंपाकघरे दुपारी दोननंतर बंद होतात आणि सायंकाळी सातच्या सुमारास उघडतात. मधल्या वेळेत प्रदर्शने पाहत फिरणाऱ्याने सोबत काही ठेवलेले बरे.

छायाचित्रांची पुस्तके आणावीत का?

अवश्य आणावीत, माझ्या मते कॅमेऱ्याच्या पट्ट्यापेक्षा पुस्तकावरचा खर्च कितीतरी उपयोगी आहे. पॅरिस फोटोमध्ये आणि आर्लच्या उद्घाटनाच्या आठवड्यात प्रकाशकांच्या टेबलांवर छायाचित्रकार स्वतः सही करून देतात, आणि छोट्या प्रकाशकांच्या अनेक आवृत्त्या काहीशे प्रतींच्या असल्याने नंतर त्या मिळत नाहीत. जाड कागदाची चार-पाच पुस्तके सहज सात-आठ किलो भरतात, म्हणून जातानाच बॅगेत तेवढी जागा सोडावी, पुस्तके कपड्यांच्या मधोमध आडवी ठेवावीत आणि बिले सोबत बाळगावीत. दोघे-तिघे मिळून गेल्यास आधी ठरवून वेगवेगळी पुस्तके घ्यावीत, म्हणजे परत आल्यावर ती गावातील इतरांनाही पाहायला देता येतात.